कडी कुणाच्या शब्दावर उघडली

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. विनंती नेहमीचीच, विशेष मात्र खरंच विशेष आहे.

तू नर्सिंगच्या प्रशिक्षणाला गेलीस त्याच दिवशी, तुझ्या चार वर्षांच्या लेकीला हसवायला म्हणून मी चमच्याला कंगवा म्हणालो आणि चपलेला टोपी. बाईसाहेब हसल्या नाहीत. वहीत लाल शेरा मारावा तशा बघत राहिल्या.

काल तिने बाथरूमची कडी आतून लावली आणि ती तिला निघेना. आत नळ धो धो, बाहेर मी घामाघूम. कडी वर उचल, मग नळाच्या बाजूला ओढ, असं घसा फुटेस्तोवर सांगितलं. आतून उत्तर आलं, की मामाला काही माहीत नसतं, सुतारदादांना बोलवा.

सुतारदादा म्हणजे खालच्या मजल्यावर कपाट करताहेत ते. परवा तिने त्यांना लाकडाला दुखतं का विचारलं, तर बराच वेळ विचार करून ते म्हणाले होते, की बाई, हे काही मला ठाऊक नाही. एवढ्यावर माणूस पास!

ते भुश्शासकट धावत आले आणि माझंच वाक्य शब्दन् शब्द बोलले. कडी खट्‌कन उघडली. मी रडलो की हसलो, मलाच कळलं नाही.

आहे तो लोभ काढून घेऊ नये,
तुझा नापास भाऊ

८ मार्च

चि. भावास,
अ. उ. आ.

पत्र वाचताना आधी घाबरले, मग इतकी हसले की वॉर्डातल्या आजीबाईंनी मलाच पाणी दिलं. शहाण्या, तिला थापा मारू नकोस. येत नसेल तर येत नाही म्हण. मीही पेशंटना ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ असं म्हणते, त्यात कमीपणा नसतो.

लोभ आहेच, अक्कलही वाढो,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर खरं बोलतोय, फार दमायला होतं. मुंग्या रांगेत का चालतात, ठाऊक नाही म्हणालो. मग दोघं तासभर जिन्यात पालथे पडून बघत होतो. शेजारीण आमच्यावरून उडी मारून गेली.

आज वेणी घालताना तिने हळूच विचारलं, आई नक्की येणार का. सुतारदादा समोरच चहा पीत होते, तरी मला विचारलं. अजून सहा वेळा झोपलीस की येईल, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि खेळायला पळाली, दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा ताई, बावीसची गाडी चुकवू नकोस. मी सांगून बसलोय.

तुझ्या लोभावर विसंबलेला,
मामा