दुसरी बाजू

४ फेब्रुवारी २००७, रविवार
आले एकदाची कोल्हापूरला. बँकेच्या बदल्यांना आता कंटाळले आहे, पण ह्या वेळचं पत्र हातात पडलं तेव्हा वाईट वाटलं नाही. इथे तात्यासो आहेत. जुन्या व्हिडिओडिस्क जमवणाऱ्यांचा आमचा इंटरनेटवर एक गट आहे. त्यात आम्ही कित्येक वर्षं एकमेकांशी वाद घालत आलोय, पण भेट आजच झाली. गुळाचे व्यापारी होते. बायको गेली, मुलगा पुण्याला. वरच्या मजल्याची खोली त्यांनी मला आपणहून देऊ केली.

"या की शिवलीलाताई. आधी च्या घिऊया, मग डिस्का बघू," म्हणाले. फार वाळले आहेत. डावा हात सदऱ्याच्या खिशातच असतो.

हॉलची एक अख्खी भिंत लेसरडिस्कनी भरलेली. सिंगापूरच्या फेऱ्यांत आणलेल्या, विकत घेतलेल्या, कुणी टाकून दिलेल्या. जेवणाच्या ताटाएवढी ती चकचकीत तबकडी हातात घेतली की मला अजून सोलापूरच्या आमच्या व्हिडिओ पार्लरचा वास येतो. सुई टेकवून चालणाऱ्या जुन्या अमेरिकन डिस्कही आहेत, प्लास्टिकच्या पेटीसकट. त्या मी फक्त फोटोत पाहिल्या होत्या.

तात्यांनी समुद्रातल्या माशांची एक जपानी डिस्क लावली. एक बाजू संपली तेव्हा म्हणाले, हात साथ देत नाही, तुम्हीच उलटी करा. मी केली. त्यांनी सुस्कारा सोडला आणि डोळे मिटून घेतले. मला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
बँकेतून येते, जिना चढायच्या आधी हॉलमध्ये बसते. तात्या सकाळपासून डिस्क लावून बसलेले असतात. प्रत्येक बाजू संपली की उठायचं, झाकण उघडायचं, उलटायची; मी घरात असले की हे काम माझं. ह्या उठबशीला कंटाळूनच जगानं ही डिस्क सोडली, असं मी एकदा गटावर लिहिलं होतं. तात्यांनी उत्तर दिलं होतं की घरात उठणारं माणूस पाहिजे, मग काही त्रास नाही.

आज आम्ही डिस्क सडण्यावर बोललो. आतला पत्रा खराब झाला की चित्रावर पांढरे ठिपके पडतात. मी म्हणते दोष चिकटवायच्या गोंदाचा, तात्या म्हणतात दमट हवेचा. कागलचे हंबीरराव, शाळामास्तर, तेही आमच्या गटातले. त्यांचं तिसरंच मत. त्यांना हा संग्रह बघायला यायचंय. तात्या म्हणाले, नको, इतक्यात नको.

१८ फेब्रुवारी, रविवार
भरदुपारी वीज गेली. इथे लोडशेडिंग रोजचंच, पण मी हॉलमध्ये असताना पहिल्यांदा गेली. इन्व्हर्टर आहे, त्याची बॅटरी म्हातारी झालीय.

टीव्हीची काच काळी झाली आणि तिच्यात सगळी खोली उमटली. खिडकी, तात्या, मी. आणि आमच्या मागे, भिंतीपाशी वेताच्या खुर्चीत एक म्हातारी. डोक्यावरून पदर, हनुवटी वर केलेली, काचेकडे बघणारी. वळून पाहिलं तर खुर्चीत घडी केलेली चादर. परत काचेत पाहिलं तर म्हातारीच.

तात्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. वीज येईपर्यंत त्यांनी ते खाली घेतलं नाही. दमलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी शालूबाई झाडायला आल्या. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "म्याडम, लाइट गेली की हॉलात बसू नगा. मी तर झाडू बी चित्र चालू असतानाच मारते."

एवढं बोलून पुढच्या कामाला लागल्या.

२५ फेब्रुवारी, रविवार
तात्यांनी स्वतःच सांगितलं. ती माशांची डिस्क आणि आणखी बऱ्याच डिस्क कर्नाटक सीमेकडच्या एका घरातून एकगठ्ठा घेतलेल्या. त्या घरात मल्लव्वा नावाची म्हातारी होती, डाव्या अंगानं लुळी. जागची हलायची नाही. तिला मासे बघायला आवडायचे, म्हणून घरचे तिला टीव्हीपुढे बसवून ठेवायचे. एकदा डिस्क लावून सगळी एका लग्नाला गेली. अडकली, दुसऱ्या दिवशी परतली. म्हातारी तशीच बसलेली, काळ्या काचेकडे बघत. गेलेली.

"डिस्क संपली आन् उलटी करायला घरात कोण न्हवतं. एवढंच झालं बघा," तात्या म्हणाले.

चित्र चालू असेपर्यंत ती काही करत नाही, बघत बसते. काच काळी झाली की माणूस शोधते. तात्यांनी आपोआप दोन्ही बाजू वाचणारं यंत्र आणून पाहिलं, रात्रंदिवस चालणारी व्हीसीडी लावून पाहिली. उपयोग झाला नाही. तिला माणूस उठलेलं लागतं.

मी विचारलं, मग डिस्क फोडून का टाकल्या नाहीत. विचारताच मला माझीच लाज वाटली. ह्या गटातल्या कुणालाही ते जमलं नसतं.

३ मार्च, शनिवार
तात्यांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. कायमचे. मला काल रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. किल्ल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, डिस्का आता तुमच्याच. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घर फार मोठं आहे. शालूबाई पण उद्यापासून येणार नाहीत म्हणाल्या.

८ मार्च, गुरुवार
घरी जायचं नाही असं ठरवून बँकेत बसून राहिले. सगळे गेले. कॉम्प्युटर बंद केला. काळ्या पडद्यावर मी, आणि माझ्या खुर्चीला चिकटून ती. भिंतीपाशी नाही. माझ्या डाव्या खांद्याशी. तोंड उघडं.

बॅग उचलायला गेले तर डावा हात उठेना.

रिक्षानं घरी आले. मासे लावले. अर्ध्या तासानं बोटं हलायला लागली.

९ मार्च, शुक्रवार
पुण्याला फोन केला. मुलानं उचलला. तात्या छान झोपतात म्हणाला, दोन्ही हातांनी भाकरी मोडून जेवतात. मग तात्या स्वतः आले.

"पहिल्या दिवशी तुमालाच उलटाय लावली, ती मुद्दाम," म्हणाले. "जो उलटतो त्येच्याकडं ती जाती. मला झेपंना झालतं, ताई."

मी रागावले नाही. रागवायलाही अंगात काही लागतं.

१३ मार्च, मंगळवार
रजा टाकलीय. दिवसभर लावते, उठते, उलटते. डुलकी लागली की बाजू संपते आणि जाग येते ती हात मेल्यासारखा झाल्यावर. काचेकडे बघायचं नाही असं ठरवते आणि बघते. तिचा चेहरा रागीट नाही. कुणाची तरी वाट बघून बघून दमलेल्या माणसाचा असतो तसा आहे. ते जास्त वाईट.

माशांच्या डिस्कवर पांढरे ठिपके पडायला लागलेत. सडतेय.

१५ मार्च, गुरुवार
कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन आले. हंबीररावांचं पत्र होतं: संग्रह बघायचाच आहे, परवानगी द्या. मी लिहिलं, रविवारी या. वरची खोलीही रिकामी होतेय, हवी तर राहायला या. कोल्हापुरात सोय होईल.

तात्यांनी मला लिहिलेलं वाक्यही जवळजवळ हेच होतं. पाठवल्यावर लक्षात आलं.

घरी आले. आज पहिल्यांदा थोडं जेवण गेलं.

१७ मार्च, शनिवार
नाही. हंबीररावांना दोन मुली आहेत. गटावर त्यांचे फोटो टाकतात, हातात डिस्क धरलेले.

कॅफेपर्यंत चालवलं नाही. डावा पाय ओढत होता. आता रात्र फार झालीय, उद्या सकाळी फोन करीन. येऊ नका म्हणून. वेडी समजले तरी चालेल.

१८ मार्च, रविवार
डिस्क गेली. नुसते पांढरे ठिपके, मासे नाहीत. दुसरी लावली, तिसरी लावली — मग सकाळीच वीज गेली ती आलीच नाही. इन्व्हर्टर पण —

कशीबशी वर आले. खोलीला आतून कडी. मोबाइल उशीखाली घातलाय, काच नको समोर.

हंबीररावांच्या घरी फोन केला. बायकोनं उचलला. म्हणाल्या, ते मघाशीच कागलहून एसटीनं निघाले, फार खुशीत गेले, तुमच्यासाठी काकवी दिलीय. त्यांच्याकडे मोबाइल नाही.

मी हुंदका दिला असावा. त्यांनी विचारलं, काय झालं बाई. मी फोन ठेवला.

पाय अजिबात हलत नाही आता. गॅलरीपर्यंत जाता यायचं नाही. इथूनच ओरडायचं. आवाज खालपर्यंत पोचेल. घरात दुसरं कुणी नाही, खालचं दारही मी आतून लावलंय, कुणी उघडलं नाही तर ते थोडा वेळ थांबून परत जातील. परत जाऊ देत. एवढंच व्हायला हवं.

खाली कुणीतरी दार ठोठावतंय. मास्तरांचाच आवाज. "शिवलीलाताई हाईत का घरात?"

ओरडतेय. तोंडातून शब्दच — जीभ एका बाजूला —

ते परत ठोठावतायत. जातील. जातील आता —

हॉलमध्ये खुर्ची सरकली.

मास्तर खिडकीतून कुणाला तरी नमस्कार म्हणतायत. खालच्या दाराची कडी आतून निघतेय —