दहावी गोळी

प्रिय शहाण्या,

तुझं पत्र मला आलंच नाही, ते परस्पर रेकॉर्ड ऑफिसला गेलं, तरी उत्तर मीच देतेय. तिथल्या चुणचुणीत कारकून मुलीने सोमवारी मला बोलावून तुझी दोन पानं वाचायला दिली. अक्षर अजून तसंच आहे तुझं, मुंगळे पळाल्यासारखं. वाचून झाल्यावर तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, पाणी नको, खुर्ची दे, बसून पुन्हा एकदा वाचते.

ती मुलगी आपल्या फौजेच्या नेमबाजी पदकाचा इतिहास लिहितेय, म्हणून सगळ्या जुन्या लोकांकडून आठवणी मागवल्या. तुला नेमकी हीच एक सुचली! इतिहास मात्र मजेदार आहे हं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका लढाईत आपल्या जवानांनी शत्रूपेक्षा झाडंच जास्त पाडली. वरिष्ठांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी हे पदक काढलं. आधी चांदीचं होतं, मग चांदी परवडेना म्हणून पितळेचं झालं. त्यावर वाघ होता, पण कारागिराच्या हातून तो मांजरासारखा उतरला. जवान फिदीफिदी हसायला लागले, तेव्हा वाघ जाऊन साधी तीन वर्तुळं आली. कडेवर विजेत्याचं नाव कोरतात. दर वर्षी एक पदक, एक नाव, अशी ओळीने एकोणपन्नास नावं पुरुषांची. पन्नासावं माझं. पुस्तकात माझं अख्खं पान आहे, आणि आता त्या पानाखाली तुझ्या कृपेने तळटीप येणार, की दहावी गोळी संशयास्पद.

त्या दिवशी लक्ष्याखालच्या खंदकात बसायची पाळी तुला चिठ्ठी टाकून आली होती. मी तुझी ताई हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी हरकत घेतली नाही, कारण मी जिंकेन असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तीनशे मीटरवरून मी दहा गोळ्या झाडल्या. तू लक्ष्य खाली ओढून मोजलंस, तर मधल्या काळ्या वर्तुळात भोकं नऊच. मग तू कानावरची पेन्सिल काढून दहावं पाडलंस. शिशाने कडेला गोळीसारखाच करडा डाग पडतो, हे बरं सुचलं रे तुला! दुसरा कुणी असता तर त्याने ती नऊ नीट पाहिली असती, एखादं लांबट लागतंय का ते बोटाने चाचपलं असतं. दोन गोळ्या एकाच भोकातून जाऊ शकतात, हे खंदकात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण तू घाबरलास. ताई चुकली, हे तुला क्षणात पटलं.

तेच मला झोंबलंय. आठवतं, जिन्यातला दिवा मी बेचकीने फोडला होता आणि तू आईपुढे छाती काढून गेला होतास, मीच फोडला म्हणून? मार तू खाल्लास आणि तीन दिवस धुमसत मी बसले. अरे, तो नेम माझा होता! अंगणातून, कठड्याच्या गजांमधून, एका दगडात! एकतीस वर्षं तू माझ्याकडे येतोस आणि भिंतीवरच्या पदकाकडे पाठ करून बसतोस. मला वाटायचं, ताईचं नाव झालं म्हणून याच्या पोटात दुखतंय. तू आतल्या आत कुढत होतास हे आता कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं, अगदी खरं सांगते. बायपासनंतर माणसाला मनावरचं ओझं उतरवावंसं वाटतं, तेही समजतं. पण ओझं उतरवलंस ते माझ्या डोक्यावर. बाईला आतून कुणीतरी मदत केली असणार, असं जे तेव्हापासून कुजबुजत होते, त्यांच्या हातात तू कागद दिलास. वर माझ्या पाठच्या भावाची सही!

पुरावा माझ्याकडे नाही. लक्ष्याचा कागद त्याच संध्याकाळी जाळला. पण गोळी चुकली की खांद्याला कळतं, आणि त्या दिवशी माझा खांदा दहाही वेळा गप्प होता. हे काही पदकाच्या समितीला सांगता येत नाही. तळटीप मात्र मी घेणार नाही, आणि पदक मागायला आले तर दार लावून घेईन.

म्हणून सोमवारी त्या मुलीच्याच टेबलावर अर्ज खरडला. तेच चांदमारीचं मैदान, तीनशे मीटर, दहा गोळ्या, समितीच्या डोळ्यांदेखत. जे होईल ते छापा, नऊ तर नऊ. वय पंचावन्न, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, खांदा कुरकुरतो. सूनबाई म्हणते, आईंचं डोकं फिरलंय. फिरलंय तर फिरलंय! आज मंजुरी आली, एकवीस तारीख, सकाळी नऊ. समितीने फोनवर एवढंच विचारलं, की खंदकात कुणाला बसवायचं. मी तुझं नाव सांगितलं. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीविरुद्ध खरं बोलणारा दुसरा कुणी आहे का तुमच्याकडे? तेव्हा ये. औषधं बरोबर घे, जिना सावकाश उतर. भोकं नीट मोज, बोटाने चाचप, आणि नऊ असली तर नऊच सांग. मी रडणार नाही. फक्त पेन्सिल घरी ठेवून ये.

तुझीच,
जिन्यातला दिवा फोडणारी ताई