कॅप्टनशिवाय कोण पळतंय!

१ डिसेंबर, सोमवार
उद्यापासून धावणे. हिवाळ्यात नियमित धावणं म्हणजे काय, हे सोलापूरला दाखवून द्यायची वेळ आली आहे. होम मैदानावर सकाळी जे चालतं त्याला मी धावणं म्हणत नाही. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर आणि तोंडात जावयाची तक्रार.

‘सूर्योदय रनर्स’ ग्रुप काढला. अ‍ॅडमिन मी, कॅप्टन मी, बाकी सात मेंबर. पंचवीस जानेवारीला शहरात दहा किलोमीटरची रेस आहे. पुढे मी, मागे हे सात, असा फोटो हवा. मोठा करून दुकानात गल्ल्याच्या मागे लावणार. भवानी पेठेत सगळे मला चादरवाला राजशेखर म्हणूनच ओळखतात. पुरे झालं.

२ डिसेंबर
गेलो. एक फेरी, पैकी अर्धी धावत. बाकीच्यांनी तीन मारल्या, पण टेक्निक शून्य. ईरप्पा रेल्वेतून रिटायर झालेला, होटगीचा. चपला काढून अनवाणी पळतो. खालिदचा टेम्पो आहे आणि पळतोही टेम्पोसारखाच, आवाज जास्त. पंचाक्षरी बँकेत क्लार्क. पळताना हसतो. पळताना हसणारा माणूस सीरियस असूच शकत नाही.

सगळ्यांना थांबवून श्वास कसा घ्यावा यावर बोललो. ईरप्पा म्हणाला, मालक, अंग गार पडाय लागलं, पळू का आता? अज्ञान, दुसरं काय.

५ डिसेंबर
गॅप घेतली. स्नायूंना रिकव्हरी लागते, नेटवर दिलं आहे. शिवाय कॅप्टनने रोज मैदानात तंगड्या तोडायच्या नसतात. प्लॅनिंग महत्त्वाचं. पहाटे पाचला अंथरुणातूनच ग्रुपवर मेसेज टाकला: उठा, जो झोपला तो संपला. मग झोपलो.

९ डिसेंबर, सकाळ
थंडीला भितात म्हणे. सोलापूरची थंडी! मे महिन्यात टाळूवर भाकरी भाजून घेणारी माणसं डिसेंबरात कान झाकून फिरतात. लाज वाटते यांची.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आज मी गेलो नाही. पारा चौदावर होता. एवढ्या गार हवेत फुप्फुसाला इजा होऊ शकते. भिणं वेगळं, काळजी घेणं वेगळं.

नवे शूज घालून घरातच फिरतो आहे. आधी मुरवावे लागतात. सिद्धेश्वरी म्हणाली, लोणचं आहे का ते? बायकोला स्पोर्ट्समधलं काही सांगायला जाऊ नये.

१४ डिसेंबर, रविवार
ग्रुपवर बेशिस्त. मी स्टॅमिनावर एवढा मोठा लेख टाकला, त्याच्याखाली पंचाक्षरीने हुरड्याचा फोटो टाकला. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. त्याला सगळ्यांचे अंगठे. माझ्या लेखाला एकच अंगठा, तोही माझा. खालिदने लिहिलं, कप्तान, किधर है जी, दिखतेच नै. ईरप्पाने त्याच्यावर हसण्याची तोंडं टाकली, ओळभर.

सेटिंग बदललं. यापुढे फक्त अ‍ॅडमिन लिहिणार. बाकीच्यांनी वाचायचं आणि पळायचं.

१५ डिसेंबर
काय शांतता! एका दिवसात सरळ झाले. आपल्या लोकांना धाकच लागतो.

२२ डिसेंबर
रोज पाचला मेसेज जातो. एक उलट उत्तर नाही, एक हुरडा नाही. असं टीमवर्क मी आयुष्यात पाहिलं नाही.

मैदानावर मात्र जमलं नाही. दुकानात गर्दी आहे, थंडीत चादर सगळ्यांनाच आठवते. थंडी हे माझं कारण नाही, थंडीमुळे आलेलं गिऱ्हाईक हे कारण आहे. हा फरक सिद्धेश्वरीला समजावला. ती म्हणाली, पहाटे पाचला कुठलं गिऱ्हाईक येतं? विषय बदलला.

३१ डिसेंबर
संकल्प. रोज पाच किलोमीटर. आज जागरण, म्हणून उद्या नको. परवा शुक्रवार येतो, आठवडा संपताना कुणी नवीन काम काढत नाही. सोमवार पक्का.

५ जानेवारी, सोमवार
गेलो! अंधारात होम मैदानावर हजर. आणि कोण होतं तिथे? कुणीही नाही. गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे करायचं काम चाललं होतं, सगळीकडे खांब आणि पत्रे. अर्धा तास थांबलो. सातातला एक माई का लाल फिरकला नाही. घोरत पडले असणार. मला माहीतच होतं, वरून काठी उगारणारा नसला की ही माणसं गोधडीबाहेर पाय काढत नाहीत.

खांबांमुळे धावायला जागाच नव्हती. पाळणेवाल्याकडे चहा घेतला आणि रिक्षाने घरी आलो. ग्रुपवर लिहिलं: लाज वाटू द्या. सगळ्यांनी वाचलं. एकाचंही उत्तर नाही. कुठल्या तोंडाने देणार?

८ जानेवारी
रेसला नावं द्यायची आहेत. असली कारकुनी कॅप्टन करत नाही. ग्रुपवर ईरप्पाला कळवलं: सगळ्यांची नावं तू दे, माझं सर्वांत वर, आणि माझ्या टी-शर्टवर पाठीमागे ‘कॅप्टन’ छापून घे. कुणाची हरकत असल्यास आजच सांगा. कुणीही सांगितलं नाही. एकमताने मंजूर.

१४ जानेवारी, संक्रांत
शेंगापोळ्या. रेसच्या आधी अंगात ताकद साठवावी लागते. साठवली.

१९ जानेवारी
उजवा गुडघा जड वाटतो. पळून पळून होतं असं. पूर्ण विश्रांती. ग्रुपवर तसं कळवलं.

२४ जानेवारी, शनिवार
उद्या रेस. माझा अंदाज असा: निम्मे येणारच नाहीत, आलेले पहिल्याच किलोमीटरला बसतील. मी मागे वळून त्यांना पाणी देईन. मनाचा मोठेपणा एकेकाकडे असतो. माझं शरीर दोन महिने जपलेलं आहे. एवढं ताजं शरीर उद्या तिथे दुसऱ्या कुणाचं नसेल.

२५ जानेवारी, रविवार, दुपार
सातही जण माझ्या आधी आले होते. एकसारखे निळे टी-शर्ट. पाठीवर ‘कंबर तलाव रनर्स’.

झालं होतं असं. मैदानावर पाळण्यांचे खांब येऊन पडायला लागल्यापासून हे सगळे रोज पहाटे विजापूर रोडला कंबर तलावावर पळतात. त्यांचा निराळा ग्रुप आहे. त्यात सगळ्यांना लिहिता येतं.

माझा नंबर आणि टी-शर्ट कुठे, असं विचारलं. ईरप्पा म्हणाला, मालक, तुमचा साइज इचारायचा व्हता की, त्याबिगर नाव घेईनात, पन तुमच्या ग्रुपवर आमाला लिवताच येईना. मग घरी येऊन विचारायचं, मी म्हणालो. तर म्हणाला, आलो व्हतो की दोनदा, सकाळी सातला. वैनी म्हनल्या झोपलेत. आमाला वाटलं मालकांचा गुडघा लई दुकतोय, कशाला तरास द्या.

हे तो मनापासून बोलत होता. टोमणा मारला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

खालिदने कमरेला बांधलेला स्वेटर सोडून माझ्या हातात दिला. म्हणाला, कप्तान, तुम्हारे पास सेफ रहता. मग सगळ्यांनीच दिलं. स्वेटर, मोबाइल, टेम्पोची किल्ली, ईरप्पाचा मफलर. शिट्टी झाली, ते गेले. मी फुटपाथवर ढीग मांडीवर घेऊन बसलो. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं, स्वेटर केवढ्याला दिला?

सातही जण पूर्ण पळून आले. ईरप्पाने टेक्निक नसताना दोन पोरांना मागे टाकलं. पंचाक्षरी शेवटपर्यंत हसत होता. मेडल गळ्यात घालून सगळे एका ओळीत उभे राहिले. फोटो काढायला बाहेरचं माणूस हवं होतं, म्हणून मी काढला.

फोटो चांगला आला आहे. मला वाईट वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.

संध्याकाळी सहा
सेटिंग बदललं. आता ‘सूर्योदय’वर कुणालाही लिहिता येईल. तसं जाहीरही केलं.

साडेसहा
नेट चालू आहे. तपासलं.

सात
सिद्धेश्वरीला माझ्या मोबाइलवर फोन करायला लावला. रिंग येते.

आठ
ग्रुपवर ईरप्पाचा मेसेज आला. मालक, माजा मफलर तुमच्याकडं ऱ्हायला का?

माझ्या गळ्यातच होता. बघून सांगतो, असं लिहिलं. म्हणजे उद्या तो परत विचारेल.