दारातला माणूस काय म्हणतो

७ डिसेंबर, रविवार
चर्चमध्ये उपासनेला एकटीच गेले. जो तो विचारतो, "पप्पा कसे?" मी म्हणते, "बरे." बरे कसले! दिवाळीत लकवा मारला तेव्हापासून उजवा हात लुळा आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता एक अक्षर येत नाही. घरी आले तर आई करंज्यांचं सारण भाजत होती. "पिक्चर पंचवीसलाच ना गं?" मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

१० डिसेंबर
शेजारच्या नसीमखालांनीही तेच विचारलं. "भाईसाब की बरफवाली पिक्चर है ना इस साल?" काय सांगू? आमच्या गल्लीचा नाताळ म्हणजे तो पिक्चर. मी शाळेत असताना पप्पांनी शहागंजातून सीडी आणली, सगळी इंग्रजी. आईला इंग्रजी येत नाही, शेजाऱ्यांना नाही, आणि खरं म्हणजे पप्पांनाही बेताचंच. पण आवाज बंद करून, टीव्हीशेजारी खुर्ची टाकून, सगळ्यांच्या तोंडचं ते स्वतः मराठीत बोलायचे. त्यातली गोरी आजी नातवंडांवर खेकसायची, "मेल्यांनो, पाय पुसून या!" शेवटी घर सोडून गेलेला बाप नाताळच्या संध्याकाळी परत येतो. दार उघडतं, समोर बायको. तो बराच वेळ बोलतो. ते मात्र पप्पा दर वर्षी नवं सांगायचे. एकदा त्या माणसाने म्हटलं, "तुझ्या बहिणीच्या लग्नाला आलो नाय, चुकलंच माझं." आणि इकडे आई पदराने डोळे पुसतेय. एरवी पप्पांनी उभ्या जन्मात तिची माफी मागितलेली नाही. वर्षभराचं साचलेलं सगळं त्या दारात.

१४ डिसेंबर, रविवार
पुण्याहून विनयचा फोन. "ताई, टेन्शन नको. तोच पिक्चर हिंदीत मिळाला, लिंक पाठवतो." आमच्या धाकट्या बंधुराजांकडे प्रत्येक दुखण्यावर लिंक असते. तरी हायसं वाटलं.

१५ डिसेंबर
दुपारी पप्पा झोपले तेव्हा आईला लावून दाखवला. आजी कसली गोड हिंदी बोलते, खेकसणं नाहीच. दारात तो माणूस म्हणतो, रस्ते बंद होते, घोडा लंगडला, म्हणून उशीर झाला. बस्. एवढंच, लांबण लावून.
"बंद कर," आई म्हणाली.
मला वाटलं, तिला फसवल्यासारखं झालं असेल. काहीतरी सारवासारव करायला लागले तर म्हणते, "मला ठाऊक नव्हतं व्हय? त्या गोऱ्याला माझ्या बहिनीचं लगीन कसं ठाऊक असंल? येडी हाय का मी?" मग भाजी निवडायला घेतली. खाली मान घालून म्हणाली, "औंदा काय म्हनले असते, तेवढं पाहिजे मला."
मी कुठून आणून देऊ?

१९ डिसेंबर
पप्पांना घेऊन औरंगपुऱ्यात, बोलायच्या व्यायामाला. शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, पण 'आ' म्हणा, 'ई' म्हणा. अख्खी पंगत हसवणारा माणूस! "बोलणं परत येईल का?" "येईलही. सांगता येत नाही." परत येताना रिक्षात पप्पांनी तोंड फिरवलं. मला रडू फुटत होतं, म्हणून दुकानांच्या पाट्या वाचत बसले.

२२ डिसेंबर
नानकटाईचं सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर. रांगेत असतानाच विनयचा फोन, सुट्टी मिळत नाही. नको येऊस म्हटलं, लिंक पाठव. मग वाईट वाटलं.
ठरवलंय, पिक्चरला पप्पांच्या जागी मीच बोलणार. न्हाणीघरात सराव केला. आजी जमते. बाप काही जमत नाही.

२५ डिसेंबर, नाताळ
सकाळी उपासना, एकमेकांना सलाम, फराळाची ताटं वाटणं. दुपारी सगळे जमले. पप्पांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, आवाज बंद केला, मी सुरू केलं. आजीला लोक हसले, पण उसनं. पिक्चर दारापाशी आला. मी पाठ केलेलं म्हणायला लागले, "मला माफ कर, या वर्षी तुला लई तरास..."
पप्पांनी डावा हात उगारला. माझ्यावर! मान ताठ, शिरा फुगलेल्या, आणि घशातून नुसता घरघर आवाज.
आईने रिमोट घेऊन चित्र थांबवलं. "तू गप. ते बोलायलेत."
सगळे थांबले. अं... अं... पुढे काही येईना. पप्पांच्या हनुवटीवरची लाळ आईने पदराने पुसली. नसीमखाला हळूच उठल्या, मग बाकीचे. करंज्यांची ताटं तशीच. मी खांबासारखी उभी. इतकं निकामी मला कधीच वाटलं नव्हतं.

२६ डिसेंबर
आई पिक्चरचा शेवट लावू देत नाही. पप्पा भिंतीकडे तोंड करून पडून. जेवले नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार
बोलायचे व्यायाम आता आईच घेते. गॅस बारीक करून मधूनमधून आत जाते. पप्पांनी चिडून पेला भिरकावला. तिने फरशी पुसली, परत समोर बसली. मला राहवलं नाही. "आई, नाहीच आलं बोलता तर?"
"तर नाय बघायचा शेवट. मला कुठं घाई हाय?"
आणि त्यांच्याकडे वळून, "औंदाचं बोलनं बाकी हाय माझं तुमच्याकडं. सोडनार नाय मी. म्हना."
पप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग तोंड उघडलं. काही आलं नाही. ती अजून तिथेच बसून आहे.