शीर दिसेनाशी झाली तेव्हा

प्रिय बाबा,

आईला पत्र वाचून दाखवताना एवढंच वाचा: मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोली उबदार आहे. तिचा गुडघा कसा आहे?

आता तुमच्यापुरतं. काल वॉर्डात मला सव्वा किलोच्या बाळाला सलाईनची सुई लावायची होती. तुम्ही जन्मभर कंपाउंडर होतात, नुसत्या बोटाने शीर शोधायचात. इथे सोनोग्राफीचं यंत्र बाळाच्या हातावर टेकवतात आणि पडद्यावर बघत सुई घालतात. शीर म्हणजे इवलासा काळा ठिपका. मला तो दिसला, मी सुई उचलली आणि तो गायब! मी यंत्र आणखी दाबून शोधायला लागले. दोनदा टोचलं, दोनदा चुकलं. बाळ आधी रडत होतं, मग रडेनासं झालं.

मोठ्या सिस्टर शेजारीच होत्या. म्हणाल्या, "अगं, शीर कुठे गेलेली नाही. तूच दाबून धरली आहेस. हात हलका कर."

हात हलका केला, तसा ठिपका परत आला. तिसऱ्यांदा सुई बसली, बाळ पुन्हा रडलं आणि माझ्या जिवात जीव आला.

दाबून शीर बघायला तुम्हीच शिकवलंत, पण ती मोठ्या माणसांची. आणि खरं सांगू? मी घाबरून दाबत होते.

आज दुपारी दुसरं बाळ आहे, त्याहून लहान. या कागदाच्या मागून बोट फिरवून बघा. अक्षरं पलीकडे उमटली आहेत. माझा हात अजून हलका झालेला नाही.

तुमची,
घाबरट