हिरव्या कांड्यांचं तेल

३ एप्रिल, बुधवार

डोळा गेला असता आज!

संध्याकाळी दोर सोडत होतो. बोटीच्या मागच्या टोकाला मी आणि रेमी. तो गळाला आमिष म्हणून माकूळ लावतो, मी प्लास्टिकची उजेडाची कांडी बांधतो. कांडी वाकवायची, आतली काच कट्कन मोडली पाहिजे, मग हलवायची. हिरवा उजेड आला की बांध आणि सोड. ना सेल, ना तार. तलवारमासा त्या उजेडाला भुलतो आणि वर येतो. मासा भुलतो तो भुलतो, बोटं माझी सोलवटतात.

कप्तान कालच्या कांड्या टाकू देत नाही. बर्फपेटीत ठेवा म्हणतो — थंडीत उजेड झोपतो, दुसऱ्या दिवशी परत जागा होतो. त्यातलीच एक. उजेड मंद होता म्हणून जरा पिळली तर टोकच फुटलं. आतलं तेलकट सगळं तोंडावर! डोळ्यात मिरची कोंबल्यासारखं झालं. इंजिनवाले झाफीकाका धावत आले, गोड्या पाण्याची बादली डोक्यावर ओतली. कप्तान लेब्रेतों वरून ओरडला, “ते प्यायचं पाणी आहे!” मग मला म्हणाला, “एका डोळ्याने गाठ मारता येते की नाही?”

मारली. सगळा दोर संपेपर्यंत मारत राहिलो.

झाफीकाका नंतर खोकं घेऊन आले. त्यावर हाताचं चित्र आणि त्यावर लाल काट. “ही भाषा वाचता येत नसली तरी चित्र दिसतं ना रे? विष आहे हे. कातडीला लावायचं नाही.” मी खोक्याकडे कधी बघणार? वर कप्तान ओरडत असतो, खाली दोर पळत असतो.

४ एप्रिल, गुरुवार

डोळा लाल. रेमी म्हणतो, “आता मासे तुझ्याच डोळ्याला भुलून येतील.” हसू आलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार. ल पोर बंदर

मासे उतरवले. मग फोन लावला. चार वेळा कट झाला. समुद्रापलीकडे आमच्या गावात फोन घ्यायचा तर झॉर्जेतला चर्चच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि ती आधी धापाच टाकत बसते. लहान बहीण आहे पण बोलते मोठ्या बहिणीसारखी.

मी डोळ्याचं सांगितलं. वाटलं, बिचारी घाबरेल. तर हसायलाच लागली!

“अरे दादा, ते तर तेल आहे! आपल्याकडे येतं की. आई सगळ्यांना लावते.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. नाही — बरोबरच ऐकलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून किनाऱ्यावर कांड्या लागतात. नारळ लागतात, चपला लागतात, तशा. आईचं कामच बायकांना चोळण्याचं — ती रोज सकाळी गोळा करते, टोक कापते, तेल एका डब्यात ओतते. पोटुश्या बायकांच्या कमरेला, पोटाला तेच. म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला तेच. नुकत्या जन्मलेल्या पोरांनासुद्धा!

“आधी एरंडेल होतं ना घरात?”

“एरंडेलाला कोण विचारतंय आता! दोन गावं सोडून बायका येतात. म्हणतात, वेलोच्या आईचं तेल आतपर्यंत जातं.”

वेलोच्या आईचं तेल. माझं नाव लावलंय त्याला!

मी ओरडलो. पुढचं काही बोलणार तर फोन गेला.

१० एप्रिल, बुधवार

आज आई स्वतः टेकाडावर आली. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

“आई, ते विष आहे. खोक्यावर लिहिलंय.”

“तू कधीपासून त्यांची भाषा वाचायला लागलास?”

“चित्र आहे. हातावर काट मारलीय.”

“मग हाताचं सांगितलंय. पोटाचं कुठं सांगितलंय?”

मी म्हटलं, माझा डोळा जळला. ती म्हणाली, तेल कुणी डोळ्यात घालतं का, लहानपणापासून वेंधळाच तू. मी म्हटलं, अंगाला लावलं तरी जळतं. ती म्हणाली, “जळतं म्हणजेच काम करतं. नुसतं गुळगुळीत राहतं ते काय तेल? आणि तूच पाठवतोस, तूच नको म्हणतोस!”

“मी नाही पाठवत, आई. दोनदा वापरून झाल्या की आम्ही फेकतो. कचरा आहे तो.”

वाऱ्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “कचरा असता तर समुद्राने थेट माझ्या दारात आणून टाकला असता का?”

आमच्याकडे असंच. समुद्राने दिलेलं परत करायचं नाही. पण हे समुद्राने नाही दिलेलं — मी दिलंय, लेब्रेतोंच्या बोटीवरून, लाथ मारून!

१२ एप्रिल, शुक्रवार

परत समुद्रात. इथून फोन लागत नाही. आई आत्ता कुणाच्या तरी पोटावर ते चोळत असेल. आणि मी इथे गाठी मारतोय.

१५ एप्रिल, सोमवार

ठरवलं, वापरलेली एकही कांडी पाण्यात जाऊ द्यायची नाही. सकाळी दोर ओढताना एकेक सोडवून गोणीत टाकल्या. त्यात वेळ जातो. रेमी कुरकुरला, “गळ सोडवायचा की तुझं कचऱ्याचं दुकान सांभाळायचं?” दुपारी कप्तानने गोणी पाहिली. “हे काय?” मी सांगितलं, आमच्या किनाऱ्याला लागतात, माझी आई बायकांना चोळते. सगळे हसले. कप्तान इतका हसला की त्याला खोकला आला.

“मग तिला सांग, माझं कमिशन पाठव!”

गोणी ठेवू दिली पण. एवढं मात्र खरं.

१९ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस जळो.

गोणी माझ्या झोपायच्या फळीखाली ठेवली होती. बोट हेलकावली, त्यात काही कांड्या फुटल्या. रेमीची चादर, बूट, त्याच्या बायकोने दिलेला लोकरीचा सदरा — सगळं चिकट. रेमीने माझी गचांडी धरली. झाफीकाका मध्ये पडले नसते तर नाक गेलं असतं. गोणी कप्तानने स्वतः उचलून पाण्यात टाकली. अख्खी. एकाच वेळी! एवढ्या दिवसांच्या जमवलेल्या कांड्या एकाच लाटेवर नाचत गेल्या. त्यांना वाट माहीत आहे — पश्चिमेला, आमच्या गावाकडे.

मी कठड्याला धरून नुसता बघत राहिलो.

२० एप्रिल, शनिवार

आज दोरात दुसऱ्याच कुणाच्या कांड्या अडकून आल्या. निळ्या. आमच्या बोटीवर निळ्या नसतात. झाफीकाका म्हणाले, “अरे, या पाण्यात किती बोटी आहेत तुला माहीत आहे? तू तुझ्या उचलशील. बाकीच्यांच्या?”

म्हणजे मी आजपर्यंत एकही फेकली नसती तरी आईला तेल मिळालंच असतं. हे कळून बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच राग आला. कुणावर, ते कळत नाही.

२८ एप्रिल, रविवार. ल पोर

आज गास्पारमास्तरांना फोन लावला. चर्चमध्ये प्रार्थना सांगतात ते. आई त्यांचं ऐकते. म्हटलं, प्रार्थनेनंतर दोन शब्द सांगा — कांड्यांचं तेल कुणी लावू नये म्हणून. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वेलो, बाळा, मी स्वतः गुडघ्याला लावतो. फार गुण आहे रे! तुझ्या हाताला यश आहे.”

फोन फेकणार होतो. रेमीचा होता म्हणून फेकला नाही.

३० एप्रिल, मंगळवार

खोक्यावरच्या चित्राचा फोटो पाठवला. झॉर्जेतच्या फोनवर फोटो दिसत नाही. ती महानोरो शहराला लवंगा विकायला जाणाऱ्या गाडीतून गेली, तिथल्या दुकानदाराच्या फोनवर पाहिला, आणि घरी येऊन आईला कोळशाने चुलीमागच्या भिंतीवर काढून दाखवला. हात आणि वर काट.

आई म्हणाली, “छान काढलास. आता पूस.”

झॉर्जेत वैतागलीय. “दादा, तू तिकडे बसून हुकूम सोडतोस. इथे तिच्यासमोर उभं मला राहावं लागतं. परवा म्हणाली, तू आणि तुझा भाऊ दोघे मिळून माझी भाकरी बंद करायला निघालात.”

आमच्याकडे भाकरी नाही, भात. पण आईच्या बोलण्याचा अर्थ तोच.

आणि एक. गावातल्या लेओनीच्या तान्ह्या पोराच्या पाठीवर चट्टे आलेत. आई म्हणते, लेओनीच्या दुधाने. लेओनीच्या सासूलाही तेच वाटतं. बिचारी लेओनी आता मिरची नाही, मासा नाही, नुसता मऊ भात आणि करपलेल्या भाताचं पाणी घेऊन बसलीय.

झोप नाही लागणार.

२ मे, गुरुवार

बाजारात गेलो. इथे जेरेनियमच्या पानांचं सुगंधी तेल मिळतं, लहानशी बाटली, फार महाग नाही असं म्हणतात तेवढं महाग. घेतली. सोबत खोबरेल घेतलं, त्यात मिसळून चोळायला. रेमीचा मावसभाऊ तामाताव्ह बंदराला, म्हणजे आमच्याच किनाऱ्याला, जाणाऱ्या मालबोटीवर आहे, त्याच्याबरोबर पाठवलं. सदऱ्याचं भांडण मिटलंय. मी माझा दिला त्याला. त्याला आखूड होतो, पण घालतो.

झाफीकाका म्हणाले, “आईशी भांडू नको. तिला दुसरं काहीतरी दे, म्हणजे पहिलं सुटेल.” देतोय. बघू.

५ मे, रविवार

निघालो. कप्तानने नव्या कांड्यांची खोकी चढवली. सगळी माझ्याच हातांनी वर आली.

१३ मे, सोमवार

आई आठवत होती. माझ्या आठवणीत ती नेहमी कुणाच्या तरी पोटाजवळ बसलेली. आजूबाजूच्या बायका बोलत असतात, हसत असतात, कुणी ऊस सोलत असतं, आणि ती एकटी गप्प, डोळे मिटून. पोटातलं पोर आडवं असलं तर चोळत चोळत सरळ करायची. एकदा तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स आली होती. तिलाही चहा दिला, तिचीही कंबर चोळली. नर्स परत निघालीच नाही संध्याकाळपर्यंत.

तिला मी चुकीचं ठरवतोय. मी! तिसरीतून पळालेला.

पण डोळा माझाच जळला होता ना?

१७ मे, शुक्रवार

कप्तानला म्हटलं, कांड्यांऐवजी सेलचे दिवे घ्या, परत परत वापरता येतात. त्याने मला दोरांच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं. “तिथे गुंता झालाय. तू सोडव. दिव्यांचं मी बघतो.”

दिवसभर गुंता.

२५ मे, शनिवार. ल पोर

बाटली पोचली. झॉर्जेतने सांगितलं —

आईने वास घेतला, “फुलांचं आहे” म्हणाली. शेजारणींना हुंगायला दिलं. मग गास्पारमास्तरांना देऊन टाकलं, चर्चच्या वेदीवर ठेवायला! खोबरेल तळणात गेलं.

“का गं?”

“म्हणाली, हे हाताला लागतच नाही. लावलं काय, नाही लावलं काय, सारखंच.”

मी बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, आईला सांग, तेल बंद केलं नाहीस तर मी येणार नाही. सणाला नाही, कशालाच नाही. झॉर्जेत म्हणाली, “तूच सांग,” आणि फोन आईच्या कानाला लावला. मी तेच सांगितलं.

आई म्हणाली, “बरं.”

एवढंच! बरं, येऊ नको? की बरं, बंद करते? विचारणार तर फोन झॉर्जेतच्या हातात. “गेली ती. खाली उतरतेय. दादा, असं बोलतात का रे तिच्याशी?”

२६ मे, रविवार

कुणी फोन उचलत नाही.

२७ मे, सोमवार

तेच. टेकाडावर कुणी चढतच नसेल. त्यात इथे इंजिन बिघडलंय, बोट निघत नाही. झाफीकाका तेलात बुडालेत — त्यांच्या साध्या, काळ्या तेलात. मला हातोडी धरायला बसवलंय. रेमीकडून मागून घेतलेला फोन दिवसभर खिशात वाजल्यासारखा वाटतो. वाजत नाही.

१ जून, शनिवार

लेओनीच्या नवऱ्याचा नंबर रेमीच्या ओळखीतून मिळाला. तो म्हणाला पोराचे चट्टे जरा कमी आहेत. म्हणजे तिने तेल थांबवलं? “ते बायकांचं, मला काय माहीत,” म्हणाला. आणि मलाच विचारतो, “तू भांडलास म्हणे आईशी? गावात सगळे म्हणतात, पोरगं परदेशात जाऊन शहाणं झालं.”

शहाणं!

७ जून, शुक्रवार

झॉर्जेतचा फोन. आईने डबा खड्ड्यात ओतला. माझ्या धमकीने नाही.

तिच्या तळहातांना काही कळेनासं झालंय. कधीपासूनचं ते. गरम कळत नाही, मऊ कळत नाही, कुणाला बोलली नव्हती. फक्त ते तेल चोळलं की जळायचं, तेवढंच हाताला लागायचं, म्हणून सोडवत नव्हतं. आता तेही जळेनासं झालं.

काल एक बाई आली, नववा महिना. आईने तिला चटईवर निजवलं. मग झॉर्जेतला हाक मारली, तिचा हात आपल्या हातात घेतला, बाईच्या पोटावर ठेवला, आणि डोळे मिटून विचारलं,

“सांग पोरी, हाताला काय लागतंय?”