मुरांब्यावरच्या चकत्या

लायडन, हॉलंड, १० जानेवारी १९३१

ती. हेस्टरआत्यास शि. सा. न. वि. वि.

पणजीची वही पोचली. अक्षर तुझं, अगदी मोत्यासारखं. पण शब्दही तुझेच निघाले की गं! पणजी आपल्या आफ्रिकान्समध्ये लिहायची, तू सगळं चर्चमधल्या डचमध्ये उतरवलंस. प्राध्यापकांनी विचारलं, तुमची पणजी पाद्री होती का? शेतावरच्या बायका स्वतःच्या बोलीत काय लिहीत, यावरच माझा प्रबंध आहे. मूळ वही नसेल तर तो उभा राहत नाही, आणि स्टेलेनबॉशच्या विद्यापीठातली शिकवण्याची जागाही हातची जाते. जुनी वही लगेच पाठव. बाबांना नमस्कार.

तुझी एंगेला

काल्विनिया, दक्षिण आफ्रिका, ८ फेब्रुवारी १९३१

चि. एंगेला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. घडले ते लिहिण्यास हात धजत नाही. आपली चुलीपुढची बोली वाचून तेथील विद्वान हसतील, तुझी मान खाली जाईल, या भयाने मी ती शुद्ध करून धाडली. जुन्या वहीचा कागद चिवट होता. नोव्हेंबरात त्याच्या गोल चकत्या कापून, ब्रँडीत बुडवून, अंजिराच्या मुरांब्यास बुरशी येऊ नये म्हणून बरण्यांत वर बसविल्या. निम्म्या बरण्या चर्चच्या बाजारात गेल्या. तुझे वडील तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर सर्वांसमोर उभी राहून चकत्या परत मागणार आहे. राग धरू नये.

तुझी शुभचिंतक,
हेस्टर

लायडन, २० एप्रिल १९३१

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एकतीस चकत्या मिळाल्या. खोलीभर ब्रँडीचा वास सुटलाय. घरमालकीण माझ्याकडे संशयाने बघते. शाई जरा पसरलीय, पण वाचता येतं. पाद्रीणबाईंनी सोबत चिठ्ठी दिलीय, मुरांबा फार गोड झाला होता म्हणून.

तुझ्या प्रतीत होतं, ‘प्रभूने आपले लेकरू परत नेले, त्याची इच्छा पूर्ण होवो.’ चकतीवर पणजीनं लिहिलंय, ‘आज बाळ गेलं. पीठ भिजवलेलं होतं, म्हणून पाव भाजले.’ प्राध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मी तर रडलेच. कोणी हसलं नाही, आत्या. प्रबंध उभा राहतोय. माझ्यावर रागावली नसशील तर लिही.

तुझीच एंगेला

काल्विनिया, ९ नोव्हेंबर १९३१

एंगेले, पोरी,

तार आली. डॉक्टर झालीस, जागाही मिळाली. तुझा बाप गावभर सांगत सुटलाय; आता कुणाची गाय आजारी पडली तरी तुलाच बोलावतील.

हे पत्र आपल्या बोलीत लिहितेय, पहिल्यांदाच. माझा मुलगा गिडिऑन गेला तेव्हा मी तुला बायबलातलं काहीतरी लिहिलं होतं. खरं आज सांगते. त्या सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि तिथंच मातीत बसले. दाणे ओच्यातच राहिले. कोंबड्या मांडीवर चढून खात होत्या, मी हाकललं नाही.

एवढंच. बरं वाटलं लिहून.

अंजिरं तयार झालीत. यंदा बरण्यांना कोरा कागद आणलाय. लवकर ये. माया आहेच, ती मुरांब्यासारखी मुरू दे.

तुझी आत्या